अंगावरचे सेन्सर आणि स्मार्ट कपडे: कामातील हालचाल मोजण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यातील सुरक्षा अधिकारी, फिजिओथेरपी व अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि शेतीतील श्रमांचा अभ्यास करणारे संशोधक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे शक्यतो भातलावणी, यंत्रमाग आणि हमाली या कामांची घेतली आहेत. या क्षेत्रातील बहुतेक उपकरणे आणि गुणांकन पद्धती उभ्याने किंवा खुर्चीवर बसून काम करणारा माणूस गृहीत धरून तयार झाल्या, आणि आपल्याकडची बरीच कामे मात्र ओणव्याने किंवा उकिडवे बसून होतात. या फरकामुळे येणाऱ्या अडचणी माहितीपुस्तिकेत सापडत नाहीत.

अंगावर सेन्सर लावून नेमके काय मोजता येते?

ढोबळमानाने चार गोष्टी. शरीराचा एखादा भाग किती कललेला आहे आणि किती वेगाने फिरतो आहे, हे आयएमयू नावाची छोटी डबी सांगते. स्नायू किती जोर लावतो आहे याचा अंदाज त्वचेवरून घेतलेल्या ईएमजी संकेतावरून, म्हणजे स्नायूतील विजेच्या बारीक संकेतावरून, येतो. पायाखालचा दाब बुटात घालायच्या सेन्सरयुक्त तळव्यावरून कळतो. कापडातच विणलेल्या वाहक धाग्यांवरून सांध्याचे वाकणे, श्वासाची लय किंवा हृदयाचे ठोके टिपता येतात. दुखणे, कंटाळा, भीती आणि कामाची घाई यांपैकी काहीही या उपकरणांना थेट कळत नाही. त्यासाठी माणसालाच विचारावे लागते, आणि तसे विचारण्याचा भाग अभ्यासात नसेल तर सेन्सर लावण्याची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कॅमेऱ्याने हे सारे होते ना? मग अंगावर उपकरणे कशाला?

प्रयोगशाळेत आजही कॅमेराच सरस ठरतो. अंगावर परावर्तक गोळ्या लावून अवरक्त कॅमेऱ्यांनी केलेले मापन मिलिमीटरच्या आसपास अचूक असते, आणि आयएमयूची पारख सहसा त्याच्याशी ताडूनच केली जाते. गंमत अशी, की या शास्त्राच्या सुरुवातीला कॅमेरा आणि अंगावरचे साहित्य यांत भेदच नव्हता. पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८० च्या दशकात माणसाला काळा पोशाख घालून हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि एकाच काचेवर चालण्याच्या क्रमवार छबी घेतल्या. लाइपझिगमध्ये ब्राउने आणि फिशर यांनी १८९० च्या दशकात एका सैनिकाच्या हातापायांवर विजेच्या प्रकाशनळ्या बांधून त्याला अंधारात चालवले. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी कामगारांच्या हातांना लहान दिवे लावून त्यांच्या हालचालींच्या प्रकाशरेषा छायाचित्रात उतरवल्या.

कॅमेऱ्याची अडचण प्रत्यक्ष कामाच्या जागी सुरू होते. यंत्रमागांच्या दोन रांगांमधील अरुंद वाटेत कामगार मागाआड जातो, चिखलात ओणवलेल्या बायका एकमेकींना झाकतात आणि गोदामात पोत्यांची थप्पीच मध्ये येते. खुणांशिवाय साध्या व्हिडिओवरून सांधे ओळखणारी सॉफ्टवेअर गेल्या काही वर्षांत बरीच सुधारली असली, तरी जे दिसत नाही ते त्यांनाही अंदाजानेच भरावे लागते. अंगावरचा सेन्सर माणसाबरोबर फिरतो, हाच त्याचा खरा फायदा आहे.

आयएमयू कोन कसा काढतो, आणि चुकतो कुठे?

डबीत तीन उपकरणे असतात. अ‍ॅक्सेलरोमीटर त्वरण मोजतो. डबी स्थिर असेल तेव्हा त्याला फक्त गुरुत्वाचा ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा परिणाम जाणवतो, आणि त्यावरून ‘खाली’ कोणती दिशा आहे हे ठरते. जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो आणि मॅग्नेटोमीटर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा धरतो. तिघांपैकी एकटा कोणीही पुरेसा नाही. हात झटकला की अ‍ॅक्सेलरोमीटरला गुरुत्व आणि झटका वेगळे करता येत नाहीत. जायरोस्कोपच्या वेगाची बेरीज करत कोन काढावा लागतो, त्यामुळे त्यातील बारीकशी कायमची चूकही साचत जाते: सेकंदाला ०.०१ अंश एवढी चूक तासाभरात ३६ अंशांची होते. म्हणून काल्मन किंवा मॅजविक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाळणी-पद्धती वापरून तिघांची माहिती एकत्र केली जाते, जेणेकरून क्षणिक हालचालीसाठी जायरोस्कोपवर आणि दीर्घ काळासाठी गुरुत्वावर भिस्त राहते.

कलण्याचा कोन गुरुत्वावर टेकलेला असल्यामुळे बराचसा भरवशाचा असतो. उभ्या अक्षाभोवती वळण्याचा, म्हणजे कंबरेतून पीळ घेण्याचा कोन मात्र चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून असतो आणि तोच सर्वांत आधी बिघडतो. यंत्रमागाचा लोखंडी सांगाडा, त्याची मोटर किंवा सळया घातलेला काँक्रीटचा कोबा, यांपैकी काहीही जवळ असले तरी मॅग्नेटोमीटर फसतो. अशा ठिकाणी मॅग्नेटोमीटर बंद ठेवून मोजण्याची सोय असलेले उपकरण घ्यावे आणि पिळाच्या आकड्यांवर मोठे निष्कर्ष उभारू नयेत.

आणखी एक चूक विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत वारंवार दिसते. अ‍ॅक्सेलरोमीटरच्या त्वरणाची दोनदा बेरीज करून ‘कामगार किती अंतर चालला’ हे काढण्याचा प्रयत्न केला जातो. त्वरणात ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढीच कायमची चूक धरली, तरी एका मिनिटात १८ मीटरची तफावत येते. पाऊल टेकले की वेग शून्य धरणे, यांसारखे उपाय केल्याखेरीज हा मार्ग उपयोगाचा नाही.

भातलावणीत कमरेचा कोन ९० अंशांजवळ आला की आलेख वेडावाकडा होतो. सेन्सर बिघडला का?

बहुतेक वेळा सेन्सर ठीक असतो. तीन कोनांच्या क्रमाने दिशा मांडण्याच्या पद्धतीत मधला कोन ९० अंशांवर पोहोचला की उरलेले दोन कोन एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत आणि आकडे उड्या मारू लागतात. खुर्चीवरच्या माणसाच्या बाबतीत ही वेळ क्वचितच येते. लावणी करणाऱ्या बाईच्या बाबतीत ती दिवसभर येते. उपाय सोपा आहे. उपकरणाकडून तीन कोनांऐवजी क्वाटर्नियन स्वरूपातील, म्हणजे दिशा चार आकड्यांत मांडणारी, माहिती घ्यावी आणि पाठीचा अक्ष व उभी रेषा यांच्यातील एकच कोन त्यावरून काढावा.

किती सेन्सर लावावेत आणि कुठे?

एक्ससेन्ससारख्या कंपनीच्या संपूर्ण शरीराच्या पोशाखात १७ सेन्सर असतात, आणि ते पाहून अनेक संस्था तोच संच मागवतात. आमचा सल्ला उलट आहे. प्रश्न ‘दिवसातील किती वेळ पाठ ६० अंशांपेक्षा अधिक वाकलेली असते’ असा असेल, तर छातीच्या हाडावर किंवा खांद्याच्या पात्यांमध्ये एक आणि मांडीवर एक, एवढे दोन पुरेत. कंबरेतील वाकणे आणि खुब्यातील वाकणे वेगळे हवे असेल, तर पाठीच्या तळाशी माकडहाडाच्या वर तिसरा लावावा. सेन्सर वाढवले की ते बांधायला लागणारा वेळ, सरकण्याची शक्यता आणि कामगाराची नाराजी या तिन्ही गोष्टी वाढतात.

जागा ठरवताना पोशाख पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. लावणीच्या वेळी साडी वर खोचून कमरेला घट्ट बांधलेली असते. पाठीच्या तळाशी लावलेली डबी नेमकी त्या घट्ट पट्ट्याखाली येते आणि बाई वाकली की शरीराऐवजी कापडाच्या ओढीने हलते. पाठीवर इरले घेतले असेल, तर खांद्याच्या पात्यांमधली डबी त्याला घासते आणि प्रत्येक घासणे त्वरणाच्या आलेखात टोकदार खूण उमटवते. अशा वेळी छातीच्या हाडावरची जागा अधिक चांगली, आणि डबी साडीवर न बांधता वैद्यकीय चिकटपट्टीने थेट त्वचेवर लावावी. हे काम स्त्री संशोधकाने आडोशाला केले पाहिजे, हे सांगण्याची गरज पडू नये. चिखलपाण्यात आयपी ६७ दर्जाची डबी वापरावी. ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी पारखलेली असते.

मोजणीपूर्वी कॅलिब्रेशन कसे करावे?

डबी अंगावर थोडी तिरपी लागणारच. त्यामुळे हात बाजूला सोडून सरळ उभे राहण्याची एक ठरलेली स्थिती नोंदवून तिला शून्य मानले जाते. पाठीला पोक आलेल्या वयस्क हमालाला ‘सरळ उभे राहा’ म्हटल्यावर तो जसा उभा राहतो, ती स्थिती शून्य धरली तर त्याचा पुढचा प्रत्येक कोन कमी भरतो, हे ध्यानात ठेवावे. स्थिर स्थितीसोबत दोन-तीनदा सावकाश पुढे वाकायला सांगून वाकण्याचा अक्षही नोंदवावा. व्हिडिओही घेत असाल तर आरंभी आणि अखेरीस तीनदा पाय आपटायला सांगावे. आलेखातील ती तीन टोके चित्राशी जुळवली की दोन्हींची घड्याळे एकत्र येतात. पाळी संपल्यावर तीच उभी स्थिती पुन्हा नोंदवावी, म्हणजे डबी दिवसभरात किती सरकली ते कळते.

ईएमजीमध्ये एवढा गोंगाट का येतो?

कारण तयारीत घाई केलेली असते. मान आणि खांदा यांमधल्या ट्रॅपिझियस स्नायूचे उदाहरण घेऊ. मानेच्या तळाशी हाताला लागणारा सातवा मणका आणि खांद्याच्या टोकाचे हाड यांना जोडणाऱ्या रेषेच्या साधारण मध्यावर ईएमजीची दोन टिकल्यांची (इलेक्ट्रोडची) जोडी लावतात, दोन केंद्रांत २० मिलिमीटर अंतर ठेवून. त्याआधी केस काढायचे, स्पिरिटच्या बोळ्याने त्वचा हलकी लाल होईपर्यंत पुसायची, पूर्ण वाळू द्यायची आणि मगच टिकली दाबायची. तार मोकळी लोंबू न देता चिकटपट्टीने अंगालगत बसवायची, कारण तारेच्या हेलकाव्याचा संकेत स्नायूच्या संकेतात मिसळतो. संकेत साधारण २० ते ५०० हर्ट्झमध्ये असतो. म्हणून सेकंदाला किमान हजार, शक्यतो दोन हजार नोंदी घ्याव्यात.

मिळालेले मायक्रोव्होल्टचे आकडे दोन माणसांत थेट तुलना करण्याजोगे नसतात. त्वचेखालील चरबीची जाडीच वेगळी असते. म्हणून प्रत्येकाकडून आधी पूर्ण ताकदीचा जोर लावून घेतात आणि कामातील संकेत त्याच्या टक्केवारीत मांडतात. स्वीडनच्या बेंग्ट जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात सुचवलेली मर्यादा आजही उद्धृत होते: तासभर किंवा त्याहून अधिक चालणाऱ्या कामात स्नायूवरचा सततचा भार पूर्ण ताकदीच्या २ टक्क्यांवर जाऊ नये, आणि ५ टक्क्यांवर तर मुळीच नाही. दिसायला हलके वाटणारे शिलाईकाम मान का धरायला लावते, याचे उत्तर या छोट्या आकड्यात आहे: भार थोडा असतो, पण विसावा नसतो.

स्मार्ट कपडा म्हणजे नेमके काय? कापड कसे मोजते?

नुसत्या खिशात डबी बसवलेला शर्टही बाजारात स्मार्ट म्हणून विकला जातो. तो वाईट नाही, पण तेथे मोजते ती डबी. कापडाने मोजायचे असेल तर चांदीचा थर दिलेला नायलॉनचा धागा, स्टेनलेस स्टीलचे तंतू किंवा कार्बन मिसळलेले रबर कापडात घालावे लागते. होजिअरीसारख्या विणीत अशा धाग्याचे फासे ताणले की त्यांचा एकमेकांशी असलेला स्पर्श बदलतो, आणि त्याबरोबर विद्युतरोध बदलतो. कोपरावर अशी पट्टी असेल तर रोधावरून कोपर किती वाकले याचा अंदाज येतो. या विचाराची एक ठळक सुरुवात जॉर्जिया टेकमधील सुंदरेशन जयरामन यांच्या गटाने १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या निधीतून केली. त्यांनी सैनिकासाठी बनियन विणताना त्यात प्रकाशतंतू आणि वाहक धागे घातले, म्हणजे गोळी कुठे लागली आणि नाडी कशी आहे हे दुरून कळावे.

कापडी सेन्सरचा स्वभाव हट्टी असतो. कोपर ३० अंशांवरून ९० अंशांकडे जाताना ६० अंशांवर जो रोध दिसतो, तोच परत येताना दिसत नाही, कारण ताणलेली वीण आपल्या मूळ जागी सावकाश येते. शंभर वेळा हात वाकवल्यावर आरंभीचा शून्यही हललेला असतो. घामाने आणि दमट हवेने यात भर पडते. त्यामुळे ‘कोपर किती वेळा वाकले, साधारण किती’ या प्रश्नासाठी ही पट्टी उत्तम. अंशाअंशाचा हिशेब हवा असेल तर आयएमयूच घ्यावा.

कापडी ईएमजी आणि ईसीजी यांची गोष्ट वेगळी. तेथे जेल नसते, म्हणून पहिली काही मिनिटे संकेत वाईट येतो. थोडा घाम सुटला की तोच जेलचे काम करतो आणि संकेत सुधारतो. घामाने कपडा निथळू लागला की दोन टिकल्या एकमेकींना जोडल्या जातात आणि संकेत पुन्हा बिघडतो. शिवाय सेन्सर त्वचेला चिकटून राहावा म्हणून हे कपडे तंग शिवलेले असतात. मे महिन्यात विदर्भातील शेतावर तंग कृत्रिम कापडाचा पूर्ण पोशाख घालून कोणाचे श्रम मोजणे म्हणजे जे मोजायचे त्यातच भर घालणे होय. तेथे आम्ही स्मार्ट कपडा सुचवत नाही.

हे कपडे धुता येतात का?

येतात, पण मोजून. गूगल आणि लिव्हाइस यांनी २०१७ मध्ये बाजारात आणलेले जॅकार्ड जॅकेट दहा धुण्यांपुरते टिकेल असे सांगितले गेले होते. डबी काढून ठेवावी, थंड पाण्यात हाताने धुवावे, ब्लीच टाळावे, पिळू नये, इस्त्री करू नये आणि प्रत्येक धुण्यानंतर धाग्याचा रोध मल्टिमीटरने तपासून वहीत लिहावा. एकच कपडा अनेकांना घालायचा असेल तर धुणे टाळता येत नाही. म्हणून खर्चाचा अंदाज करताना कपड्यांची संख्या धुण्यांवरून ठरवावी.

उचललेले वजन सेन्सरला कळते का?

आयएमयूला मुळीच कळत नाही. रिकामे पोते आणि ५० किलोचे पोते एकाच ढबीने उचलले तर दोन्हींचा आलेख सारखाच दिसेल. बुटातील दाबाचे तळवे काही अंशी मदत करतात: अंगाचे वजन वजा केले की भार उरतो. पण अनेक हमाल अनवाणी किंवा चपलेवर काम करतात, तेथे वजनकाटा आणि निरीक्षकाची वही हाच खात्रीचा मार्ग.

अमेरिकेच्या नायॉश या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या सुधारित सूत्रात अनुकूल परिस्थितीत दोन्ही हातांनी उचलण्याची मर्यादा २३ किलो धरली आहे. ओझे घोट्यांपासून २५ सेंटिमीटरऐवजी ५० सेंटिमीटर पुढे असेल, तर केवळ तेवढ्या कारणाने ती ११.५ किलोवर येते. मात्र हे सूत्र उचलण्या-ठेवण्यासाठी आहे. डोक्यावर किंवा पाठीवर पोते घेऊन फळीवरून चढत जाण्यासाठी ते केलेले नाही. हमालीच्या अभ्यासात ते जसेच्या तसे लावलेले दिसले तर अहवाल बाजूला ठेवावा.

रूला आणि रेबा यांचे गुण सॉफ्टवेअर आपोआप देते. ते ग्राह्य धरावेत का?

जपून. रूला आणि रेबा या कामातील शरीरस्थितीचा धोका गुणांत मांडणाऱ्या पद्धती आहेत. रूला ही पद्धत मॅकअटॅम्नी आणि कॉर्लेट यांनी १९९३ मध्ये मांडली. निरीक्षकाने डोळ्यांनी पाहून गुण द्यावेत यासाठी ती होती, आणि तिच्या पायऱ्या त्याच बेताच्या आहेत. पाठ २० अंशांपर्यंत वाकली तर २ गुण, २० ते ६० मध्ये ३, त्यापुढे ४. प्रत्यक्ष कामात आयएमयूच्या कोनात दोन-चार अंशांची चूक सहज असते, त्यामुळे १८ ते २२ अंशांत काम करणाऱ्या माणसाचे गुण दर क्षणाला वरखाली होतात आणि सरासरीला अर्थ उरत नाही. सतत मोजलेला कोन हाती असताना तो चार पायऱ्यांत कोंबण्यापेक्षा पाळीतील किती टक्के वेळ पाठ ६० अंशांवर होती, मधला कोन किती, सलग वाकून राहण्याचा सर्वांत मोठा कालखंड किती, हे मांडणे अधिक बोलके असते.

उकिडवे बसण्याच्या बाबतीत तर रूला जवळजवळ आंधळीच आहे. पायांना आधार आणि तोल असेल तर १ गुण, नसेल तर २, एवढीच तेथे सोय. तासन्‌तास उकिडवे बसून भांडी घासणाऱ्या बाईला १ गुण मिळू शकतो. २००० साली आलेल्या रेबामध्ये गुडघा ६० अंशांपेक्षा जास्त वाकल्यास दोन गुणांची भर पडते, म्हणून अशा कामांना ती बरी. मांडीवरचा एकच सेन्सर वापरून ‘बसले’ की ‘उभे’ ठरवणारी तयार सॉफ्टवेअरही उकिडवे बसणे खुर्चीत बसण्यात जमा करू शकतात. पोटरीवर दुसरा सेन्सर लावला की हा घोटाळा सुटतो.

सेकंदाला किती नोंदी घ्याव्यात?

कामातील शरीरस्थितीसाठी ५० ते १०० पुरेत. धावणे, उडी किंवा हातोड्याचे घाव असतील तर २०० किंवा अधिक. सहा आयएमयू, प्रत्येकी नऊ वाहिन्या आणि सेकंदाला १०० नोंदी धरल्या तर आठ तासांच्या पाळीची कच्ची माहिती सुमारे ३११ मेगाबाइट होते. साठवण ही अडचण नाही. ती पाहायला माणूस आहे का, ही अडचण आहे.

साधा मोबाइल चालेल का?

शिकण्यासाठी आणि प्राथमिक चाचपणीसाठी चालेल. त्यात अ‍ॅक्सेलरोमीटर असतोच आणि बहुतेकांत जायरोस्कोपही असतो. मोबाइल जड असल्याने पट्ट्यात डुलतो, म्हणून सावकाश होणाऱ्या हालचालींपुरताच वापरावा.

वाकल्यावर कंप देणारे पट्टे कामगारांना द्यावेत का?

प्रशिक्षणाच्या काही तासांत ते उपयोगी पडू शकतात. कायमचा उपाय म्हणून मात्र आमचा विरोध आहे. मालाचा ट्रे जमिनीवर ठेवलेला असेल तर कामगार वाकणारच. पट्ट्याने त्याला दिवसभर टोचत राहण्यापेक्षा ट्रेखाली गुडघ्याच्या वरपर्यंत येणारे स्टँड द्यावे. सेन्सरचे खरे काम स्टँड देण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या पाळीची तुलना करून देणे हे आहे.

संमती आणि गोपनीयता यांबाबत काय काळजी घ्यावी?

पाठीचा कोन मोजणारी डबी कामगार किती वेळ थांबला, शौचालयात किती वेळ गेला, हेही आनुषंगाने नोंदवते. मालकाच्या हाती कच्ची माहिती गेली की ती कामाचा वेग मोजण्यासाठी वापरली जाण्याची धास्ती रास्त आहे. म्हणून व्यक्तिगत नोंदी संशोधकाकडेच राहतील आणि व्यवस्थापनाला फक्त गटाचे निष्कर्ष मिळतील, असे सुरुवातीलाच लेखी ठरवावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमतीसाठीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत मागण्याचा हक्क आहे. म्हणजे मराठीत देता आली पाहिजे. त्याच अधिनियमात नोकरीच्या कारणासाठी संमतीविना माहिती वापरण्याची काही मुभा मालकाला आहे, पण तिचा आधार घेऊन संशोधन करणे नैतिकतेला धरून नाही. आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी.

माथाडी कामगार टोळीत काम करतात. मुकादमाने सर्वांच्या वतीने मान डोलावली म्हणजे संमती मिळाली असे होत नाही. प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारावे, नकार देणाऱ्याचे नाव मुकादमाला सांगू नये, आणि मोजणीमुळे एखाद्याच्या खेपा कमी झाल्या तर त्या दिवसाची तूट भरून द्यावी.

मार्गदर्शन कुठे मिळेल?

मुंबईत सायन येथील केंद्रीय श्रम संस्था, अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था आणि आयआयटी मुंबईचा आयडीसी हा डिझाइन विभाग येथे अर्गोनॉमिक्सचे, म्हणजे काम माणसाच्या शरीराला सोसेल असे बेतण्याच्या शास्त्राचे, काम चालते. कापडाच्या चाचण्यांसाठी घाटकोपरची बीटीआरए ही वस्त्र संशोधन संस्था आहे. विचारायला जाताना कामाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ आणि ‘मला नेमके काय ठरवायचे आहे’ हे एका वाक्यात लिहिलेला कागद सोबत न्यावा. कोणता सेन्सर घ्यावा हे त्या वाक्यावरूनच ठरते.